दुःखाचा रोजा सुटावा

१९ मार्च. यवतमाळ जिल्ह्याला ही तारीख विसरता येत नाही. १९८६ साली याच दिवशी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांच्या पत्नी मालती आणि चार लेकरे या जगातून गेली. शेतकरी आत्महत्यांच्या इतिहासात ही पहिली जाहीर घटना मानली जाते. अंबाजोगाईचे ज्येष्ठ पत्रकार अमर हबीब आणि त्यांचे किसानपुत्र आंदोलन यांनी २०१७ पासून या दिवशी अन्नत्यागाची प्रथा सुरू केली. कुणी गावात बसून, कुणी नोकरीच्या ठिकाणी, तर कुणी कुणालाही न सांगता या दिवशी उपाशी राहतो.

२०२४ साली १९ मार्च रमजानात आला होता, २०२५ सालीही आला. २०२५ साली त्या दिवशी अठरावा रोजा होता. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी दोन प्रकारचे उपवास चालू होते. एकाची वेळ सहरीपासून मगरिबच्या अजानपर्यंत बांधलेली आहे, दुसरा एका कुटुंबाच्या आठवणीचा आहे. दोन्हींमध्ये माणूस आपल्या शरीराला कामाला लावतो, ते मनासाठी. उपाशी राहून करप्यांच्या घरातले कुणी परत येणार नाही, हे अन्नत्याग करणाऱ्यालाही ठाऊक असते. पण जे दुःख नुसत्या भाषणाने हलत नाही, ते एक दिवस पोटात भूक घेऊन वावरल्यावर थोडे हलते. रोज्याचे मर्मही याच्या जवळपासच आहे, आणि म्हणून रमजानच्या या पानावर आज मनाच्या जखमांबद्दल बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेजवळ, झरीजामणी तालुक्यात मुकुटबन आहे. परिसरात कोळशाच्या खाणी आहेत, २०२२ पासून सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला आहे. रस्त्यावर ट्रक वाढले, भाड्याच्या खोल्या वाढल्या, चहाच्या टपऱ्या वाढल्या. तरी गावाच्या बाहेर दोन पावले टाकली की कापूस, तूर आणि सोयाबीनच. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि आपली वऱ्हाडी वळणाची उर्दू एकत्र कानावर पडते. इथला मुसलमानही तसाच मिसळलेला आहे. कुणाचे गॅरेज, कुणाचे किराणा दुकान, कुणी ट्रकवर, कुणी मिस्त्री, आणि कित्येकांची दोनचार एकर कोरडवाहू. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला ७,१२१ रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ७,५२१ रुपये हमीभाव जाहीर झाला. प्रत्यक्षात हातात काय पडले आणि त्यातून कृषी केंद्राची उधारी, वेचणीची मजुरी आणि सोसायटीचे कर्ज वजा जाता काय उरले, हे ज्याचे त्याला माहीत. त्यात मार्चअखेर आली. २०२५ साली वसुलीचा तगादा आणि रमजानचा खर्च एकाच पंधरवड्यात आले.

या भागातल्या जखमांना सरकारी नोंदवहीत रकाना असतोच असे नाही. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाले. जे वाचले त्यांची मोजदाद रुग्णालयातून सुटी मिळाली तेव्हा संपली. झरीजामणीच्या कोलाम पोडांवरच्या कुमारी मातांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे येत राहिला. बातमी छापून येते, चौकशी होते, मुलगी तिथेच राहते. आणि ज्या घरात कर्त्या माणसाने जीव दिला, त्या घराला शासन आधी एक प्रश्न विचारते: प्रकरण पात्र की अपात्र? जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते का, ते थकले होते का. पात्र ठरल्यास २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. नवरा गेल्यावर ज्या बाईला तहसील कार्यालयात ‘अपात्र’ हा शब्द ऐकावा लागला, तिच्या मनाला झालेल्या दुसऱ्या जखमेला तर कुठलाच अर्ज नाही.

मुसलमान घरात यावर आणखी एक थर चढतो. आत्महत्या हे मोठे पाप आहे, यात शंका नाही. पण पापाच्या भीतीने आणि लोकलाजेने घटना लपवली जाते. ‘हार्ट अटॅक आला’ एवढेच सांगून विषय मिटवला जातो. एखाद्या गावात जनाज्याची नमाज पढवावी की नाही, यावर मशिदीच्या दारात कुजबुज सुरू होते, तीही मय्यत घरात असताना. बहुतांश फुकहांचे मत स्पष्ट आहे, आणि आपल्याकडे प्रचलित असलेल्या हनफी मतातही फतवा यावरच आहे की अशा मृताला गुस्ल द्यायचे, कफन द्यायचे आणि त्याची जनाज्याची नमाजही पढायची. पैगंबर (स.) यांनी एका प्रसंगी स्वतः नमाज पढवली नाही अशी हदीस आहे. ती इतरांना धाक बसावा म्हणून होती, असा तिचा अर्थ विद्वानांनी लावला. त्या हदीसचा आधार घेऊन विधवेच्या आणि लेकरांच्या डोक्यावर आयुष्यभराचे ओझे ठेवणे हा दीन नाही. मेलेल्याचा हिशेब अल्लाहकडे आहे. जिवंतांचा हिशेब मात्र मोहल्ल्याकडे मागितला जाईल.

अशा घरात जाऊन सांत्वन करणारे एकच वाक्य बोलतात: ‘सब्र करो.’ वाक्य चांगले आहे, पण ते ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते ते ‘रडू नका, बोलू नका’ या अर्थाने. कुरआनात सब्राची सर्वात मोठी कहाणी हजरत याकूब (अ.) यांची आहे. सूरह यूसुफमध्ये लाडका मुलगा गेल्याची बातमी येते तेव्हा ते सुंदर सब्राची भाषा बोलतात. आणि त्याच सूरहमध्ये पुढे, वर्षे लोटल्यावर, तेच याकूब इतके रडलेले दिसतात की डोळे पांढरे पडून दृष्टी गेलेली आहे. घरचेच लोक त्यांना टोचून बोलतात की यूसुफचे नाव घेता घेता तुम्ही झिजून जाल. त्यावर ते आपले गाऱ्हाणे अल्लाहपाशी मांडत असल्याचे सांगतात. सब्र आणि अश्रू एकाच माणसात, एकाच सूरहमध्ये, शेजारी शेजारी आहेत. पैगंबर (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. जवळच्या सहाबींना आश्चर्य वाटले, तेव्हा ही रहमत आहे असे त्यांनी समजावले. हजरत खदीजा (र.) आणि चुलते अबू तालिब पाठोपाठ गेले ते वर्ष इस्लामी इतिहासात ‘आमुल हुज्न’, म्हणजे दुःखाचे वर्ष, या नावाने ओळखले जाते. ज्या उम्मतने एका अख्ख्या वर्षाला दुःखाचे नाव दिले, तिने दुःखाला लाजावे हे विचित्रच. परंपरेप्रमाणे हजरत खदीजा यांच्या वफातीची तारीख १० रमजान आहे. २०२५ साली ती १९ मार्चच्या आठ दिवस आधी आली. किती घरांत त्या दिवशी पैगंबरांच्या शोकाची आठवण निघाली असेल?

मन आणि शरीर यांचे नाते आधुनिक मानसशास्त्राने शोधून काढले असा एक समज आहे. नवव्या-दहाव्या शतकात बल्ख प्रांतात अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले (८५० ते ९३४). ‘मसालिहुल अबदान वल अनफुस’ हा त्यांचा ग्रंथ शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर आहे. शरीर आजारी पडले की मन दुखते आणि मन दुखले की शरीरही बिघडते, म्हणून वैद्याने दोन्हींकडे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. एकाचे कारण माहीत असते: कुणी गेले, काही हरवले. दुसऱ्याचे कारण सापडत नाही. माणूस उगाच खचलेला राहतो, आणि त्याचे मूळ शरीरातही असू शकते. त्यांची एक सूचना आजही घराघरात चालण्यासारखी आहे. निरोगी माणूस जशी अडीअडचणीला चार औषधे घरात ठेवतो, तसे मन शांत असताना काही बळ देणारे विचार साठवून ठेवावेत, म्हणजे वादळ आले की ते हाताशी असतात.

रमजान हा अशा साठवणीचा महिना आहे. वजूचेच पाहा. हात, तोंड, चेहरा, पाय यांना दिवसातून पाच वेळा पाणी लागते. राग आला तर उभ्याने बसावे, बसलेल्याने आडवे व्हावे, वजू करावा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. म्हणजे मन आवरायला शरीराची बैठक बदलण्याचा उपाय. नमाजमध्ये माणूस उभा राहतो, वाकतो, कपाळ जमिनीला टेकवतो आणि बसतो. पाच वक्ताच्या फर्ज नमाजांत १७ रकाती, म्हणजे ३४ सजदे. वीस रकात तरावीह पढणाऱ्याचे आणखी ४०. दिवसभर ट्रकच्या स्टिअरिंगवर किंवा वेचणीच्या ओळीत आखडलेली पाठ इथे मोकळी होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खांद्याला खांदा लागतो. एकटा पडलेल्या माणसाला कुणाचा तरी खांदा लागणे ही लहान गोष्ट नाही.

श्वासाचेही तसेच. हाफिज साहेब तजवीदने तिलावत करतात तेव्हा एकेक आयत लांब श्वासावर पेलली जाते. तस्बीहचे ३३, ३३ आणि ३४ मिळून शंभर दाणे सावकाश ओढले की श्वास आपोआप संथ होतो. इटलीतल्या पाविया येथील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. २३ प्रौढांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदयाच्या लयीत चांगला फरक दिसला. संथ श्वासाने मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस सक्रिय होते आणि धडधड, घाबरेपणा खाली येतो, हे आता वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. गंमत अशी, की युरोपात जपमाळ क्रुसेडच्या काळात अरबांकडून आणि अरबांकडे ती पूर्वेकडून, भारत-तिबेटातून आली असावी, असाही उल्लेख त्याच लेखात आहे. म्हणजे मुकुटबनच्या मशिदीत फिरणारे दाणे कधीकाळी इथूनच निघून, जग हिंडून परत आले म्हणायचे! याच विदर्भात तुकडोजी महाराजांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना रुजवली, इगतपुरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. वाटा वेगळ्या आहेत, श्रद्धा वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. पण दुखावलेल्या मनाला शरीराच्या दारातून हाक मारावी लागते, हे सगळ्यांनी ओळखले होते.

इथवर सगळे ठीक. अडचण पुढे आहे. रोजा ठेवला, तरावीह पढली, तस्बीह ओढली की मनाचे आजार आपोआप बरे होतात, असे सांगणारी भाषणे याच महिन्यात मोबाइलवर धो-धो येतात. ती ऐकून एखादा चालू गोळ्या बंद करतो. हे धोक्याचे आहे आणि ते मशिदीतूनच सांगितले गेले पाहिजे. तीव्र मनोविकारात दिले जाणारे लिथियम घेणाऱ्याच्या शरीरात पाणी कमी पडले तर औषधाचे रक्तातले प्रमाण घातक पातळीवर जाऊ शकते. मार्चच्या विदर्भातल्या उन्हात तेरा तासांचा रोजा ठेवण्याआधी अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. काही आजारांत सहरी-तरावीहमुळे तुटलेली झोपही झटका आणू शकते. नैराश्याच्या काही गोळ्यांची वेळ इफ्तार-सहरीला बसवता येते, पण तेही डॉक्टरच्या सल्ल्याने. सूरह बकरामध्ये रोज्याच्या हुकमासोबतच आजाऱ्याला सवलत दिलेली आहे. साखरेच्या आजाऱ्याला ही सवलत घरचे लोक आनंदाने देतात. मनाच्या आजाऱ्याला मात्र ‘ईमान कमजोर आहे’ असे ऐकवले जाते. आजार पोटाचा असो की मनाचा, आयतीत असा भेद केलेला नाही.

दुआ आणि दवा यांच्यातले भांडण विदर्भाला नवे नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनाने त्रस्त झालेल्या माणसांना घेऊन दूरदूरचे लोक येतात, आणि येणारे सगळ्या जातीधर्मांचे असतात. नागपूरचे ताजुद्दीन बाबा, ज्यांच्या ताजबागेत आजही दुखावलेली माणसे जाऊन बसतात, ते स्वतः इंग्रज काळात नागपूरच्या वेड्यांच्या रुग्णालयात अनेक वर्षे राहिले होते. दर्ग्यावर माणसाला जो निवारा मिळतो त्याची टिंगल करू नये. घरात ज्याचे कुणी ऐकत नाही, त्याला तिथे घुमायला, रडायला, ओरडायला जागा मिळते. पण २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे आगीत होरपळून गेली, हेही विसरता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्याला सक्त मनाई केली. गुजरातेत उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात मधला मार्ग निघाला. तिथे दुआ करायला आलेल्याला त्याच आवारात मानसोपचारही मिळू लागले आणि मुजावरांनीच रुग्णांना डॉक्टरकडे पाठवायला सुरुवात केली. सैलानीला, ताजबागेला आणि गावोगावच्या लहान दर्ग्यांना यातून शिकण्यासारखे आहे.

विदर्भाच्या खेड्यांतही उपाय सापडलेला आहे, फक्त तो सगळीकडे पोहोचलेला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘संगाथ’ संस्थेच्या ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातलेच कार्यकर्ते तयार केले. घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल साध्या भाषेत बोलणे, ऐकून घेणे आणि गरज असेल त्याला समुपदेशक व डॉक्टरपर्यंत नेणे, एवढेच त्यांचे काम. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. मोठे रुग्णालय बांधावे लागले नाही. कुणीतरी दारात येऊन विचारले, एवढ्याने बराच फरक पडला. राज्य सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प २०१५ पासून १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्तींमार्फत हेच काम करण्यासाठी आहे. आशाताईंवर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत आधीच इतके लादलेले आहे की मनाची प्रश्नावली शेवटी भरली जाते, हे कुणी मान्य करत नाही. इथेच मशिदीची इंतजामिया कमिटी, भजनी मंडळ, बचत गट यांची गरज आहे.

बोलण्याने आणि अंगाने दुःख बाहेर काढण्याचे सर्वात धीट उदाहरण यवतमाळनेच दाखवले आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरातल्या स्त्रियाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. ज्या बायकांना घरात मोठ्याने रडण्याची मुभा नव्हती, त्यांनी शेकडो लोकांसमोर आपले दुःख आवाजात, हालचालीत, गाण्यात मांडले. त्यांच्यापैकीच एक, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटनाचा मान वैशालीताईंना मिळाला. त्या दिवशी साहित्यिकांच्या गर्दीत सगळ्यात स्पष्ट आवाज त्यांचा होता. हा आवाज संमेलनाच्या मांडवात एकाएकी फुटला नव्हता. तालमीत, सोबतिणींच्या संगतीत, पुन्हा पुन्हा तेच दुःख बोलून तो कमावलेला होता. विधवेने चारचौघांत बोलावे का, असे विचारणारे तेव्हाही होते. जखम झाकून ठेवली की ती बरी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या स्त्रियांच्या आधीच्या आणि नंतरच्या आयुष्याकडे पाहावे.

मुस्लिम स्त्रीच्या वाट्याला अशी तालीम येत नाही. रमजानात तिचे कष्ट दुप्पट होतात. सर्वांच्या आधी उठून सहरी, सर्वांच्या नंतर इफ्तारची भांडी. तिची तरावीह बहुधा घरातल्या कोपऱ्यात होते आणि मशिदीतला खांद्याला खांदा तिला मिळत नाही. नवरा गेलेली असेल तर चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. इद्दत हा शोकाला दिलेला सन्मानाचा काळ आहे, पण त्याचा अर्थ कोठडी असा करून टाकला गेला. गरजेच्या कामासाठी ती दिवसा बाहेर जाऊ शकते, हे हनफी फिक्हमध्येही आहे. मदतीच्या अर्जासाठी तलाठ्याकडे जाणे, स्वतःच्या उपचारासाठी दवाखान्यात जाणे ही गरज नाही तर काय आहे? दुपारी जोहरनंतर मोहल्ल्यातल्या बायका एखाद्या घरी जमून कुरआन पढतात, ही चांगली रीत अजून टिकून आहे. तिलावत झाल्यावर अर्धा तास तिथे कुणा एकीला फक्त बोलू द्यावे आणि बाकीच्यांनी सल्ले न देता ऐकावे. सल्ले न देणे सगळ्यात कठीण जाईल, पण रोजा तरी वेगळे काय शिकवतो?

२०२५ साली रमजानचा विसावा दिवस जुम्म्याला, २१ मार्चला आला. विसाव्या रोज्याच्या संध्याकाळी मगरिबच्या आधी एतेकाफला बसणारे मशिदीत दाखल होतात आणि शेवटचा अशरा सुरू होतो. दहा दिवस जगाच्या गडबडीतून बाजूला होऊन स्वतःकडे पाहण्याची ही सुन्नत म्हणजे इस्लामने घालून दिलेले शिबिरच आहे. गावातून एखाददुसरा बुजुर्ग बसवून सर्वांनी मोकळे व्हायचे, अशी सवय पडली आहे. खचलेल्या तरुणाला, धंदा बुडालेल्याला, दारूच्या नादातून बाहेर पडू पाहणाऱ्याला शेजारी बसवून घेतले तर? जुम्म्याच्या बयानात दहा मिनिटे या विषयाला मिळावीत. इमाम साहेबांनी मिंबरवरून एवढे सांगावे की मनाच्या आजाराचा इलाज घेणे तवक्कुलच्या विरोधात नाही, आणि ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत आणि उर्दूत बोलता येते. तो क्रमांक मशिदीच्या फलकावर सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकाखाली लिहायला एक खडू पुरतो. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलून दाखवले, तर त्याला त्या रात्री एकटे सोडू नये आणि शक्य तितक्या लवकर दवाखान्यात न्यावे. जकातीचा अडीच टक्के काढताना ज्या गरिबाला दर महिन्याला मानसोपचाराच्या गोळ्या आणि यवतमाळपर्यंतचे एसटीचे भाडे परवडत नाही, त्याचेही नाव यादीत असावे.

घरात मृत्यू झाल्यानंतरची पहिली ईद कशी असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. आपल्याकडे त्या घरी नवे कपडे शिवत नाहीत, शीरखुर्मा करत नाहीत, आणि नमाजनंतर नातेवाईक आधी तिथे जातात. रीत सुंदर आहे, पण ती नातेवाइकांपुरती राहिली आणि त्यातही ‘हार्ट अटॅक’ सांगितलेल्या घरी जाणारे लवकर उठतात. २०२५ साली ईद ३१ मार्चला आली. सोसायटीच्या वसुलीची शेवटची तारीखही तीच आहे. ईदच्या दिवशी ईदगाहवरून परतताना मुकुटबनच्या रस्त्यात अशी जी घरे लागतील, त्यांत करप्यांच्या जातकुळीचे, कापसाचे दुःख असलेले हिंदू घरही असेल, आणि तिथे शीरखुर्म्याचा डबा घेऊन जायला कुणाच्या फतव्याची गरज नाही.